निःशस्त्रांचें गीत

गेल्या वर्षीं नववीच्या वर्गांत दक्षिण आफ्रिकेंतील वर्णभेदाचा विषय चालला होता. निःशस्त्र जमावावर पोलिसांनीं केलेल्या गोळीबाराची हकीकत मी सांगत होतों. सांगतां सांगतां “त्या वेळीं लोक गात होते,” असें वाक्य माझ्या तोंडून गेलें. तोंच मागच्या बांकावरून एका विद्यार्थ्यानें विचारलें, “सर, गाऊन काय झालें? गोळ्या तर सुटल्याच ना?” कांहीं मुलें हंसलीं. मला हंसूं आलें नाहीं. कारण प्रश्न खरा होता व त्याचें उत्तर माझ्यापाशीं तयार नव्हतें. इतक्यांत घंटा झाली व माझी सुटका झाली, हें प्रांजळपणें कबूल करतों. परंतु त्या प्रश्नानें पुढें माझा पिच्छा सोडला नाहीं. त्यानंतर जें वाचलें व जो कांहीं विचार केला, तो त्या विद्यार्थ्यापुढें, त्याच्या सोबत्यांपुढें व पालकांपुढें या लेखाच्या रूपानें ठेवीत आहें.

ज्या गीताविषयीं मुख्यतः सांगावयाचें आहे त्याचें नांव “न्कोसी सिकेलेल इआफ्रिका.” भाषा खोसा. “प्रभो, आफ्रिकेला आशीर्वाद दे,” हा या नांवाचा अर्थ. हें गीत कोणा पुढाऱ्यानें अथवा राजकवीनें रचलेलें नाहीं. मिशनच्या एका लहानशा शाळेंतील शिक्षकानें तें रचलें. त्याचें नांव एनॉक सोन्टोंगा. त्याचा जन्म इ. स. १८७३ च्या सुमारास दक्षिण आफ्रिकेच्या पूर्व केप भागांत झाला. शिक्षकाचें शिक्षण त्यानें लव्हडेल येथील स्कॉटिश मिशनच्या प्रसिद्ध विद्यालयांत घेतलें आणि पुढें जोहान्सबर्गजवळच्या नान्सफील्ड येथील मेथॉडिस्ट मिशनच्या शाळेंत तो नोकरीस लागला. मुलांना शिकवावें, गायनमंडळ बसवावें, प्रसंगीं उपदेश करावा आणि फावल्या वेळांत छायाचित्रें काढावीं, असा त्याचा साधा जीवनक्रम होता.

त्या काळीं मिशनच्या शाळांतून टॉनिक सोल्फा नांवाची स्वरलेखनाची पद्धति शिकवीत असत. आपण सा, रे, ग, म लिहितों त्याप्रमाणें डो, रे, मी यांचीं आद्याक्षरें लिहून चाल टिपून ठेवावयाची ही युक्ति. हिला वाद्य लागत नाहीं कीं महागडें पुस्तक लागत नाहीं. फळा आणि खडू एवढें पुरे. शिवाय आफ्रिकेच्या लोकांत पुष्कळांनीं मिळून निरनिराळ्या स्वरांत एकच गाणें गाण्याची परंपरा पूर्वींपासून होतीच. तिच्यावर चर्चमधील चार स्वरांच्या गायनाचें कलम बसलें व तें चांगलेंच फोंफावलें. सोन्टोंगानें आपल्या शाळेच्या गायनमंडळासाठीं पुष्कळ गीतें रचलीं व तीं एका वहींत लिहून ठेविलीं. सन १८९७ मध्यें त्यानें प्रस्तुत गीताचें पहिलें कडवें व धृपद रचलें. सन १८९९ मध्यें रेव्हरंड बोवेनी यांना पाळकपदाची दीक्षा देण्यांत आली, त्या समारंभांत तें प्रथम जाहीर रीतीनें गाण्यांत आलें.

सोन्टोंगा १९०५ सालीं, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षाच्या सुमारास वारला. त्याच्या पश्चात् इतर गायनमंडळांचे चालक त्याच्या पत्नीकडे येऊन तीं गीतें उतरून घेत. ती वही हातोहात फिरली आणि अखेर कोठें गेली तें कळलें नाहीं. विद्यार्थ्यांनो, वह्या हरवतात. पण त्या वहींतील एक गीत हरवलें नाहीं, कारण तोंपर्यंत तें शेंकडों लोकांच्या मुखीं जाऊन बसलें होतें.

तें सर्वत्र नेण्याचें श्रेय मुख्यत्वें रेव्हरंड जॉन डुबे यांच्या शाळेस आहे. नाताळ प्रांतांत ओहलांगे येथें त्यांनीं आपल्या लोकांसाठीं विद्यालय काढिलें होतें. तेथील गायनमंडळ जलसे करी व त्यांत हें गीत गाई. या विद्यालयाशीं आपल्या महाराष्ट्राचाहि एक लहानसा संबंध आहे. जवळच गांधीजींचा फिनिक्स आश्रम होता. नामदार गोपाळ कृष्ण गोखले १९१२ सालीं दक्षिण आफ्रिकेच्या दौऱ्यावर गेले, तेव्हां गांधीजींसमवेत त्यांनीं ओहलांगेस भेट दिली. डुबे यांच्याशीं त्यांचें बोलणें झालें व विद्यार्थ्यांनीं त्यांना झुलू भाषेंतील गाणीं म्हणून दाखविलीं. त्याच वर्षीं ता. ८ जानेवारी रोजीं ब्लूमफॉन्टेन येथें आफ्रिकन लोकांच्या राष्ट्रीय सभेची स्थापना झाली व डुबे तिचे पहिले अध्यक्ष झाले. त्या पहिल्या बैठकीच्या अखेरीस प्रार्थनेनंतर सोन्टोंगाचें गीत गाइलें गेलें. सन १९२३ मध्यें लेखक सॉल प्लात्ये यांनीं तें लंडनमध्यें ध्वनिमुद्रित केलें. १९२५ सालीं सभेनें तें आपलें समाप्तिगीत म्हणून स्वीकारिलें. आणि १९२७ सालीं सॅम्युएल म्क्हायी या खोसा कवीनें त्याला आणखी सात कडवीं जोडलीं.

येथवर हें निव्वळ भक्तिगीत होतें. त्यांत कोणाचा निषेध नाहीं, कोणावर आरोप नाहीं. मग तें निषेधाचें गीत कसें झालें? गीताचे शब्द बदलले नाहींत. भोंवतालचें राज्य बदललें. सन १९४८ मध्यें वर्णभेद हेंच ज्याचें धोरण असा पक्ष तेथें अधिकारावर आला. कोणीं कोठें राहावें, कोणाशीं लग्न करावें, कोणत्या शाळेंत शिकावें, हें कातडीच्या रंगावरून ठरूं लागलें. सोळा वर्षांवरील प्रत्येक आफ्रिकन माणसानें एक पासबुक सदैव जवळ बाळगावें असा १९५२ सालीं कायदा झाला. त्यांत नांव, गांव, धनी कोण, कर भरला कीं नाहीं, हें सारें नमूद असे. पोलिसानें हटकलें आणि पास जवळ नसला कीं तुरुंग. स्वतःच्याच देशांत परक्याप्रमाणें परवाना दाखवीत हिंडणें म्हणजे काय, याची कल्पना आपण करून पाहावी.

या पासांविरुद्ध ता. २१ मार्च १९६० रोजीं सत्याग्रहासारखी एक चळवळ झाली. पुढारी रॉबर्ट सोबुक्वे हेहि मिशनच्या शाळेंत शिकलेले व विद्यापीठांत अध्यापक होते. पास घरीं ठेवावेत, पोलीस ठाण्यावर शांतपणें जावें व “आम्हांला अटक करा” म्हणावें, एवढाच कार्यक्रम होता. त्याप्रमाणें शार्पव्हिल गांवच्या ठाण्यासमोर हजारों लोक जमले. कांहीं गात होते. कांहीं नुसते काय होतें तें पाहावयास आले होते. आकाशांतून विमानें जमावाच्या डोक्यावरून खालीं घिरट्या घालून गेलीं. दुपारीं पोलिसांनीं एकाएकीं गोळीबार सुरू केला. सरकारी गणनेप्रमाणें ६९ माणसें ठार झालीं. त्यांत ८ स्त्रिया व १० मुलें होतीं. सुमारें १८० जखमी झालीं. पुष्कळांना गोळ्या पाठींत लागल्या होत्या, म्हणजे ते पळत होते. त्यानंतर थोड्याच दिवसांत सरकारनें आणीबाणी पुकारली व आफ्रिकन लोकांच्या दोन्ही प्रमुख संघटना बेकायदेशीर ठरविल्या.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. गाण्यानें गोळी थांबली नाहीं. गाणें ही ढाल नव्हे. तें ढालीसारखें वापरतां येईल असें कोणी सांगूं लागला तर तो मुलांना फसवितो. परंतु गोळीबारानंतर काय झालें तेंहि पाहिलें पाहिजे. संघटनेवर बंदी घालतां येते, कचेरीला कुलूप ठोकतां येतें, पुस्तकें जप्त करतां येतात, पुढाऱ्यांना डांबतां येतें. माणसाला पाठ असलेली चाल जप्त कशी करणार? जें गीत दर रविवारीं उपासनेंत गातात त्याच्यावर कोणत्या कलमाखालीं खटला भरणार? सभेला बंदी झाली तरी मृतांना मूठमाती द्यावीच लागे. म्हणून अंत्यविधि हीच लोकांची सभा झाली. सन १९८५ च्या आणीबाणींत सरकारनें अंत्यविधींवरहि निर्बंध घातले; पाळकाखेरीज कोणीं बोलूं नये, निशाणें नेऊं नयेत, असे हुकूम काढिले. तथापि पाळकानें प्रार्थना केल्यावर लोकांनीं जो सूर धरावा तो धरलाच.

या अंत्यविधींतून दुसरें एक गीत फार गाइलें जाई. त्याचें नांव “सेन्झेनी ना?” अर्थ असा कीं, “आम्हीं काय केलें?” हें कोणीं रचलें तें इतिहासाला माहीत नाहीं. शब्द अगदीं थोडे. तोच प्रश्न संथ चालीवर, खालच्या पट्टींत, पुनः पुनः विचारावयाचा. मोठ्या जमावाला असेंच गीत पेलतें. एकानें ओळ सांगावी व सर्वांनीं ती उचलावी, अशी ही रीत असल्यामुळें निरक्षर म्हातारीहि पहिल्या आवर्तनांत तें शिकते. ज्यांचे श्वास भीतीनें वेगवेगळे चालले आहेत, त्यांना एका लयींत श्वास घ्यावा लागतो. आणि एका लयींत श्वास घेणारा जमाव सहसा चेंगराचेंगरी करीत नाहीं. शिवाय कोणीं आरंभ केला हें पोलिसांना उमगत नाहीं. प्रश्नाचा आशय पाहा. त्यांत शिवी नाहीं, धमकी नाहीं. परंतु ज्या राज्यापाशीं या प्रश्नाला उत्तर नाहीं, त्याला तो शिवीहून अधिक झोंबतो.

सर्वच गीतें अशीं विनम्र होतीं असें मात्र समजूं नये. वुयिसिले मिनी नांवाचा पोर्ट एलिझाबेथ येथील गोदीकामगार व मजुरांचा पुढारी होता. त्याचा आवाज भरदार खर्जाचा. पंतप्रधान फर्वूर्ड यांना “सांभाळून राहा” असा इशारा देणारें गीत त्यानें रचलें. चाल अशी उल्हासाची कीं, लोक त्यावर नाचत. शार्पव्हिलनंतर निःशस्त्र मार्गावरील अनेकांचा विश्वास उडाला व मिनी घातपाताच्या गुप्त चळवळींत शिरला. घातपाताच्या व एका खबऱ्याच्या खुनांत भाग घेतल्याच्या आरोपावरून त्याला व त्याच्या दोन साथीदारांना ता. ६ नोव्हेंबर १९६४ रोजीं प्रिटोरियाच्या तुरुंगांत फांशी देण्यांत आलें. ते तिघे गात गात वधस्तंभाकडे गेले, असें त्याच तुरुंगांतील सहकैद्यानें लिहून ठेविलें आहे. मिनीचा मार्ग योग्य होता काय, यावर वर्गांत वाद व्हावा. माझें मन शस्त्राच्या बाजूनें नाहीं. परंतु पास घरीं ठेवून “अटक करा” म्हणणाऱ्यांवर ज्यांनीं गोळ्या झाडल्या, त्यांनींच लोकांना त्या मार्गावर ढकललें, हें विसरून न्याय करणें बरोबर होणार नाहीं.

आतां जो भाग सांगावयाचा आहे तो मिशनच्या शाळेंतील आपणां सर्वांना विशेष लागणारा आहे. सन १९५३ मध्यें तेथील सरकारनें आफ्रिकन मुलांच्या शिक्षणाचा निराळा कायदा केला. हेच फर्वूर्ड त्या वेळीं त्या खात्याचे मंत्री होते. आफ्रिकन मुलाला मजुरीपलीकडील आशा दाखवूं नये, हा त्या धोरणाचा उघड हेतु होता. मिशनच्या शाळांची ग्रँट बंद होत गेली; बहुतेक शाळा सरकारनें ताब्यांत घेतल्या; कांहीं चालकांनीं असलें शिक्षण देण्यापेक्षां शाळा बंद केलेल्या बऱ्या, असें ठरविलें. सोन्टोंगाला घडविणारें लव्हडेलहि या लाटेंतून वांचलें नाहीं.

या धोरणाचा कळस १९७० नंतर झाला. गणित, इतिहास व भूगोल हे विषय आफ्रिकान्स भाषेंतूनच शिकवावेत असा हुकूम निघाला. ही भाषा राज्यकर्त्यांची. मुलांना ती नीट येत नव्हती, कित्येक शिक्षकांनाहि येत नव्हती. ता. १६ जून १९७६ रोजीं सोवेटो येथील निरनिराळ्या शाळांतील हजारों विद्यार्थी गणवेशांत, हातीं फलक घेऊन, मिरवणुकीनें निघाले. पोलिसांनीं वाट अडविली, तेव्हां मुलांनीं “न्कोसी सिकेलेल इआफ्रिका” म्हणण्यास आरंभ केला. गोळ्या सुटल्या. हेक्टर पीटरसन नांवाचा सुमारें बारा वर्षांचा मुलगा कोसळला. त्याला उचलून धांवणारा एक तरुण व शेजारीं हंबरडा फोडीत धांवणारी हेक्टरची बहीण, हें सॅम न्झिमा यांनीं टिपलेलें छायाचित्र जगभर प्रसिद्ध झालें. दंगली देशभर पसरल्या व पुढील कांहीं महिन्यांत शेंकडों माणसें प्राणांस मुकलीं. मेलेल्यांत पुष्कळ तुमच्याच वयाचीं होतीं.

देशांत गातां येईना तेव्हां गाणें देशाबाहेर गेलें. मिरियम मकेबा या गायिकेनें १९६० सालीं आईच्या अंत्यविधीसाठीं घरीं परतण्याचा प्रयत्न केला, तेव्हां तिचा परवाना रद्द झाल्याचें तिला समजलें. तिनें १९६३ सालीं संयुक्त राष्ट्रांपुढें साक्ष दिली. सोवेटोच्या मुलांविषयीं ह्यू मासेकेला यांनीं रचलेलें “सोवेटो ब्लूज” हें गीत तिनेंच जगाला ऐकविलें. मासेकेला यांना पहिला ट्रंपेट त्यांच्या मिशनच्या शाळेंतील पाळक ट्रेव्हर हडलस्टन यांनीं मिळवून दिला होता. तें वाद्य एके दिवशीं कोठें वाजेल, याची कल्पना त्या शाळेला कोठून असणार?

एक गोष्ट लपविली तर हा लेख अप्रामाणिक ठरेल. ज्या शास्त्रांतून हें भक्तिगीत उगवलें, त्याच शास्त्राचे दाखले देऊन तेथील डच रिफॉर्म्ड चर्चच्या अनेक पुढाऱ्यांनीं कित्येक वर्षें वर्णभेदाचें मंडन केलें. गोळ्या झाडणारे पोलीसहि रविवारीं कोठेंतरी गीतेंच म्हणत असतील. म्हणून गीत पवित्र आहे एवढ्यानें गाणारा पवित्र ठरत नाहीं. गातांना आपण कोणाच्या शेजारीं उभे आहों, हेंहि पाहावें लागतें.

ता. २७ एप्रिल १९९४ रोजीं त्या देशांत सर्व वर्णांच्या लोकांची पहिली निवडणूक झाली. नेल्सन मंडेला यांनीं आपलें मत देण्यासाठीं ओहलांगे येथील डुबे यांचेंच विद्यालय निवडलें. पुढें १९९६ सालीं सोन्टोंगाच्या थडग्यावर राष्ट्रीय स्मारक झालें. तें थडगें पुष्कळ वर्षें सांपडतच नव्हतें. कारण दफनभूमीच्या वहींत आडनांव न लिहितां नुसतें “एनॉक” असें लिहिलेलें होतें. ज्याचें गीत कोट्यवधि लोक उभे राहून गातात, त्याचें पूर्ण नांव टिपण्याची गरज त्या कारकुनास वाटली नव्हती.

सन १९९७ मध्यें नवें राष्ट्रगीत ठरलें. आरंभीं सोन्टोंगाचें गीत खोसा, झुलू व सेसोथो या भाषांत. पुढें जुन्या राज्याच्या राष्ट्रगीताचा एक भाग आफ्रिकान्स भाषेंत. आणि शेवट इंग्रजींत. हें मी प्रथम वाचलें तेव्हां पुस्तक मिटून बसलों. जी भाषा बळजबरीनें लादली म्हणून १९७६ सालीं मुलें मेलीं, तीच भाषा आज त्या देशाच्या शाळांतून मुलें आपखुषीनें राष्ट्रगीतांत गातात. हें सर्वांना रुचलेलें नाहीं. तो भाग गाळावा असें म्हणणारे लोक तेथें आहेत, व त्यांचें दुःख खोटें नाहीं. तरी मला यांत एक शिकण्यासारखी गोष्ट दिसते. मुलांचें वैर भाषेशीं नव्हतेंच. तें सक्तीशीं होतें. सक्ती गेली आणि गीतांत शत्रूच्याहि भाषेला जागा झाली. आशीर्वाद मागणाऱ्या गीतालाच हें साधतें. नुसतें मारा म्हणणारें गीत विजयानंतर कोठें ठेवावें असा प्रश्न पडतो.

परंतु कथा येथें गोड शेवट करून संपविण्याचा मोह आवरला पाहिजे. ता. १६ ऑगस्ट २०१२ रोजीं त्याच देशांत, लोकांनीं निवडलेल्या सरकारच्या पोलिसांनीं, मारिकाना येथें संपावर गेलेल्या खाणकामगारांवर गोळीबार केला व ३४ जण ठार झाले. ज्या राज्याचें राष्ट्रगीत सोन्टोंगाचें, त्याच राज्याची ती बंदूक. गीत राष्ट्रगीत झालें म्हणून राज्य निर्दोष होत नाहीं. “आम्हीं काय केलें?” हा प्रश्न प्रत्येक राज्याला, अगदीं आपल्या आवडत्या राज्यालाहि, विचारण्याची पाळी येऊं शकते.

तेव्हां, मागच्या बांकावरील माझ्या मित्रा, तुझ्या प्रश्नाचें माझें उत्तर असें आहे. गाण्यानें गोळी थांबत नाहीं. पण गोळीनंतर उरलेल्यांना तें पांगूं देत नाहीं. मेलेल्यांना विसरूं देत नाहीं. आणि मारणाऱ्यासारखें होण्यापासून मनुष्याला थोडेंबहुत आवरतें. गोळीचें काम एका क्षणांत संपतें. गीताचें काम तेथून पुढें चालूं होतें व त्याला कधीं कधीं शंभर वर्षें लागतात. सोन्टोंगानें १८९७ सालीं रचलेलें गीत बरोबर शंभर वर्षांनीं त्या देशाच्या नव्या राष्ट्रगीताचा भाग झालें.

पालकांपैकीं कांहींजण मला भेटून विचारतात कीं, परीक्षेंत गुण नसलेला गायनाचा तास कशाला ठेवतां? त्यांनाहि माझें उत्तर हेंच आहे. आणि विद्यार्थ्यांनो, सोमवारीं सभागृहांत गीत चालूं असतां ओंठ नुसते हलवूं नका. शब्दांचा अर्थ विचारा, चाल नीट शिका, शेजाऱ्याच्या सुराकडे कान द्या. नान्सफील्डच्या त्या शाळेंतील मुलांनाहि ठाऊक नव्हतें कीं, आपले सर फळ्यावर लिहीत असलेलें हें गाणें पुढें कोणाच्या उपयोगीं पडणार आहे.